अकरा लाभ, तीन रेघा

मी शिकवते त्या शाळेतल्या पोरी आता सॉफ्टबॉलचा स्कोअर मोबाइलवर ठेवतात. बोट लावलं की आकडा पडतो, बेरीज आपोआप होते. माझी तक्रार नाही. पण पिचरचं पान मी अजून हातानंच लिहिते, आणि त्या पानावर पहिल्या स्ट्राइकआउटला ‘एक’ नसतो, ‘ला’ असतो. बाहेरगावचे कोच वही बघायला मागतात आणि ओठ दाबून हसतात. हसा म्हणावं. एकानं तर मला विचारलं, “मॅडम, हे काय, तुमचा कोडवर्ड आहे का?” मी म्हटलं, “बसा, चहा घ्या, मग सांगते.” चहा संपला तरी माझं सांगणं संपलं नव्हतं. मी बोलायला लागले की अशीच लागते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सॉफ्टबॉल ही बेसबॉलची धाकटी बहीण. चेंडू मोठा, आणि तो हात खालून फिरवून टाकायचा. टाकणारी ती पिचर. तिचे तीन चांगले चेंडू बॅटवालीला मारता आले नाहीत की बॅटवाली बाद, त्याला स्ट्राइकआउट म्हणतात. ते यश पिचरचं. चार वाईट पडले की बॅटवालीला फुकटात पहिल्या बेसवर जायला मिळतं, त्याला वॉक म्हणतात. ते पाप पण पिचरचंच. बाकीचे नियम नाही कळले तरी चालतील. आमच्या गावात निम्म्यांना अजून कळलेले नाहीत.

आमचं गाव भोकरदनपासून अर्ध्या तासावर. अकरावीत होते तेव्हा शाळेत नवीन क्रीडाशिक्षक आले, नागपूरकडचे, शहरात वाढलेले. कबड्डीत आमच्या पोरी तालुक्यालाच गारद व्हायच्या, म्हणून सरांनी हा खेळ काढला. त्यांचा हिशेब सरळ होता: टीम कमी, म्हणजे पुढं जायला सोपं. तालुक्यात सॉफ्टबॉलची आमची एकच टीम होती, त्यामुळं तालुक्यात आम्ही दरवर्षी पहिल्या. हे आम्ही इतक्या गंभीर तोंडानं सांगायचो की ऐकणारा अभिनंदन करायचा.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, भोकरदनला एका आडतीवर मापाडी होते. शेतकऱ्याचं पोतं काट्यावर चढलं की वजन बोलायचं, पोती मोजायची. मापाडी बोलेल ते शेतकऱ्यानंही धरायचं आणि व्यापाऱ्यानंही. माप चोख निघालं तर त्याला कुणी शाबास म्हणत नाही, चुकलं तर दोन्हीकडून शिव्या. आबा चौथी शिकलेले, पण तीस वर्षांत त्यांच्या तोंडचा आकडा कुणी मोडला नव्हता. आणि मोजताना पहिल्या पोत्याला ते एक म्हणायचे नाहीत. लाभ म्हणायचे. लाभ, दोन, तीन, चार. आमच्याकडं जुनी माणसं असंच मोजतात. एकावर सुरू केलं तर एकावरच थांबेल अशी धास्ती असेल, नाहीतर पहिलं माप शुभ बोलून सुरू करावं असं असेल. खरं कारण मी आबांना विचारलं तर म्हणाले, “माझा बाप म्हणायचा.” विषय संपला.

बारावीच्या वर्षी आठ शाळांनी मिळून रविवारचे सामने ठरवले. मोठ्या शाळांकडं छापील स्कोअरबुकं होती. आमच्याकडं फक्त रन लिहिले जायचे, तेही सरांच्या तळहातावर. पहिल्याच सामन्याला आबा माझा डबा घेऊन आले होते, कारण रविवारी आडत बंद आणि डबा मी घरी विसरले होते. सर म्हणाले, “काका, बसलाच आहात तर पिचरचं एवढं पान धराल का? मुलीनं कुणाला बाद केलं की एक खूण करायची, बस.”

बस म्हणे. आबांनी रेक्झिनच्या पिशवीतून निळी पेन्सिल काढली, चाकूनं टोक काढलं, पान तळहातानं चारदा चोळून सरळ केलं आणि लिंबाखाली मांडी घातली. माझी पहिली स्ट्राइकआउट पडली आणि लिंबाखालून आडतीवरचा दमदार आवाज आला, “लाभ.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोरची टीम हसली, आमची टीम हसली, पंचसुद्धा हसले. मी डोळे वटारून बघितलं तर आबा खाली मान घालून लिहीत होते. त्यांच्या दृष्टीनं काही घडलंच नव्हतं.

पण दोन-तीन रविवारांत त्या शब्दाची पोरींना गोडी लागली. पहिली बॅटवाली बाद झाली की आमच्या नऊच्या नऊ जणी ओरडायच्या, “लाभ.” कॅचर तर चेंडू हातात धरून नाचायची. सरांना वाटायचं ती आमची घोषणा आहे. त्यांनी कधी विचारलं नाही, आम्ही कधी सांगितलं नाही. पुढं हे न विचारणं, न सांगणं मला बराबर अकराला पडलं.

आबांचं पान असं असायचं: दर सामन्याला एक ओळ. ओळीच्या सुरुवातीला ‘ला’, आणि पुढं उभ्या रेघा. पाच रेघांनंतर जरा जागा. कडेला वॉकसाठी ‘सां’. सां म्हणजे सांडलं. धान्य मोजताना बाहेर पडतं ते सांडलं, तसंच हे. पहिल्या सामन्यात माझं नऊदा सांडलं होतं. घरी आल्यावर त्यांनी पान माझ्यापुढं ठेवलं आणि विचारलं, “तू चेंडू सोडतानी बघतीस कुठं?”

“बॅटवालीकडं. मंग कुठं बघणार?”

“मापाड्यानं काटा बघायचा असतो, पोतं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी घराच्या मागच्या भिंतीवर त्यांनी गेरूनं एक चौकोन काढला आणि मधोमध बोटाएवढा ठिपका. रोज आडतीवरून आले की पायही न धुता खाट ओढून बसायचे आणि मी चेंडू टाकायचे. पन्नास, साठ, कधी सत्तर. ठिपक्याजवळ लागला तर बोलायचे नाहीत. चौकोनाबाहेर गेला की म्हणायचे, “सांडलं.” शेजारपाजारच्या बाया विचारायच्या, भिंतीनं काय वाकडं केलंय तुमचं. आई म्हणायची, “भिंत पडली तर या दोघांना बाहेर झोपवीन.” पण तिनं कधी थांबवलं नाही. आज मी पोरींना शिकवते तेव्हा लोक म्हणतात तुम्हाला तंत्र छान जमतं. तंत्र कसलं, गेरूचा ठिपका आणि एक माणूस, ज्याला खेळातलं काही कळत नव्हतं पण नीट पडलं की नाही ते कळत होतं. हे मला त्या वयात कळलं नाही. मी आपली चिडून टाकत राह्यले.

वॉक नवावरून सहावर आले, मग चार, दोन. सातव्या सामन्यात एकही नाही. स्ट्राइकआउट वाढत गेल्या. शेवटच्या सामन्यात मी दहा जणी काढल्या आणि फक्त एकदा सांडलं. अकरा सामने झाले. आबांनी पेन्सिलीचं टोक पानावर ठेवून पहिल्यापासून मोजलं, लाभ, दोन, तीन, असं प्रत्येक ओळीचं, आणि सांगितलं, “एक्याऐंशी.” आठ शाळांत जालन्याच्या एका मुलीशिवाय कुणाचे एवढे नव्हते. एक्याऐंशी. मी तो आकडा वहीच्या मागं लिहिला, हातावर लिहिला, कॅचरनं तिच्या कंपासपेटीवर लिहिला.

जिल्ह्याच्या संघात दोन पिचर घेणार होते. जालन्याची मुलगी पक्की होती, तिच्याबद्दल वाद नव्हता. दुसरी जागा एकच, आणि माझं ते शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हते. जिल्ह्याकडून खेळले की सर मला क्रीडाशिक्षणाच्या कॉलेजात घालायला मदत करणार होते. दरवर्षी मैदानावर चाचणी व्हायची. त्या वर्षी मैदानात कुणाच्या तरी सभेचा मांडव पडला होता, तो निघेना. मग ठरलं की शाळांनी प्रत्येक पिचरचे आकडे पाठवायचे आणि आकड्यांवरून निवड करायची. सरांनी आबांचं पान घेतलं, अर्ज भरला, पाठवला आणि पान परत केलं.

चार दिवसांनी यादी सरांच्या फोनवर आली. दुसरी पिचर वडीगोद्रीकडच्या शाळेतली होती, एकोणऐंशी. माझं नाव खाली राखीवमध्ये. नावापुढं सत्तर.

मी सायकल हाणत घरी गेले. आबा नुकतेच आले होते, हातपाय धूत होते. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, लाज वाटते. एवढं लिहिते: “तुम्हाला येत न्हाई तर बसलात कशाला तिथं? पोत्यांची मोजणी हाय का ती? अकरा खाल्ले तुम्ही माझे, अकरा.” बापाला असं बोलणारी पोरगी आमच्या गल्लीत त्याआधी कुणी पाहिली नव्हती. आई दारात येऊन उभी राहिली.

आबांनी तोंड पुसलं. पिशवीतून पान काढलं, खाटेवर पसरलं आणि बोट ठेवून मोठ्यानं मोजायला लागले. अकरा ओळी. एक्याऐंशीला थांबले. मला म्हणाले, “तू मोज.” मी मोजलं. एक्याऐंशीच.

“मंग सत्तर कुठून आलं?” आबा म्हणाले. “सकाळी सरांकडं जाऊ.”

सकाळी सरांनी मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढला आणि आमच्यासमोर पुन्हा मोजलं. रेघा मोजल्या, बेरीज मारली. सत्तर. आबांनी ओळीच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. “ह्यो मोजला न्हाई तुम्ही.”

“हा? हे तर...” सर थांबले. “मला वाटलं, पानावर आपण वर श्री लिहितो ना, तसं काहीतरी तुम्ही प्रत्येक ओळीला लिहिलंय.”

मी हसले असते, पण रडू येत होतं. नागपूरच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या माणसाच्या घरी पोती कोण मोजणार होतं. हंगामभर आम्ही त्यांच्या कानाशी लाभ लाभ ओरडत होतो आणि त्यांना ती घोषणा वाटत होती. अकरा सामन्यांचे अकरा लाभ त्यांनी देवाच्या नावासारखे बाजूला ठेवले होते. त्यांनी तिथंच चुकीची कबुली लिहून सही केली आणि शाळा सोडून आमच्याबरोबर जालन्याच्या बसमध्ये बसले. त्यांच्यावर मी फार दिवस चिडून होते. आता नाही. चूक झाल्यावर लगेच माझी म्हणणारी माणसं मी नंतर फार कमी बघितली.

जालन्यात निवडीचं काम बघणारे एक गृहस्थ टेबलामागं बसले होते. त्यांनी सरांचं पत्र वाचलं, आबांचं पान उलटसुलट केलं.

“हे पान ठेवलं कुणी?”

“मी,” आबा म्हणाले.

“तुम्ही मुलीचे कोण?”

“बाप.”

गृहस्थ खुर्चीत मागं टेकले. “बघा काका, यादी लागल्यावर बापानं ठेवलेल्या पानात अकरा वाढले. उद्या दुसरा बाप येईल, त्याचे वीस वाढतील. मी काय करू?”

मला वाटलं आबा आता भडकतील. तीस वर्षांत त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. पण त्यांच्या फक्त कानाच्या पाळ्या लाल झाल्या. म्हणाले, “साहेब, मालाची तक्रार आली की आम्ही दोन्ही वह्या बघतो. आमची बी आन् समोरच्याची बी. हिनं बाद केलेली पोरगी त्यांच्या वहीत बाद म्हून लिहिलेलीच असंल ना?”

“असेल. पण सात शाळांच्या वह्या आणणार कोण?”

“मी आणतो.”

“शनिवारी यादी वर जाईल. त्याच्या आत.”

आबांनी आडतीवर खाडा केला. ऐन सोयाबीनचे दिवस, मापाड्याला पाठ टेकायला फुरसत नसते, तरी केला. रोज पहाटेची बस धरायची, दोन-दोन शाळा गाठायच्या, शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना तेच सांगायचं, वही मागायची, आमच्या सामन्याचं पान बघून आकडा लिहून घ्यायचा आणि खाली सही-शिक्का. एका शाळेत त्यांना वही मिळेपर्यंत दुपार झाली. एका शाळेत वॉचमननं वर्गणी मागायला आलेला माणूस समजून फाटकावरच थांबवलं. संध्याकाळी घरी आले की ते मला सांगायचे, “जालना जमलं. बराबर निघालं.” मी नुसतं बरं म्हणायची. मी त्यांची माफी मागितली नव्हती. मागायची होती, पण त्यांनी आठवण काढली असती तर मागितली असती, आणि ते काढत नव्हते.

सहा शाळांचं सगळं जुळलं. राहिली ती वडीगोद्रीची शाळा. म्हणजे यादीत माझ्या वर बसलेल्या पोरीची. शुक्रवारी आईनं डबा बांधला आणि मलाही आबांबरोबर ढकललं. भोकरदन, जालना, अंबड, वडीगोद्री. तीन बस बदलल्या. आबा खिडकीशी बसून सहा चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा मोजत होते. मी मनात एकच आकडा म्हणत होते.

शाळेतल्या मॅडमनी वही काढली आणि त्या पोरीलाच वर्गातून बोलावून घेतलं, कारण वहीतलं तिला सगळ्यात चांगलं कळायचं. ती आली. काळीसावळी, लांब हातांची. मैदानावर बघितलेली होती, जवळून पहिल्यांदाच. आम्ही का आलोत ते मॅडमनी तिला सांगितलं. माझे एक्याऐंशी खरे ठरले तर तिची जागा जाणार, हे सांगायची गरज नव्हती.

तिनं आबांचं पान हातात घेतलं आणि लगेच म्हणाली, “मामा, ह्यो ला म्हंजी लाभच ना? आमचा बा मेंढरं मोजतानी बी एक म्हणत न्हाई.”

आबांचा चेहरा चार दिवसांत पहिल्यांदा सैल झाला. “व्हय, माय. लाभच.”

सरांना जे हंगामभर कळलं नव्हतं ते तिला एका नजरेत कळलं. दोघांनी वही आणि पान शेजारी ठेवलं. त्यांच्याशी आमचे दोन सामने झाले होते, हंगामातले पहिले दोन. ती वहीतलं वाचायची, आबा पानावर टिंब द्यायचे. लाभ जुळला. दोन, तीन जुळले. मग ती अडखळली.

“मामा, ही स्ट्राइकआउट न्हाई. हिचा चेंडू बॅटला लागून पिचरकडंच आल्ता, तिनं उचलून पहिल्या बेसला फेकला. बाद झाली, पण ती मोजणी यात येत न्हाई.” पान उलटून तिनं अजून एक दाखवली. आणि पुढच्या सामन्यातली आणखी एक. तीन.

मला तिन्ही आठवत होत्या. टप्पा खाऊन आलेले सोपे चेंडू. आबांनी तेव्हा नुकतंच पान धरलं होतं, माझ्या हातून बाद झाली म्हणजे माझी, असं त्यांनी लिहिलं असणार. तिसऱ्या सामन्याआधी सरांनी त्यांना तो फरक समजावला होता. मागच्या रेघा तशाच राहिल्या. एक्याऐंशीतून तीन गेले की अठ्ठ्याहत्तर. तिचे एकोणऐंशी.

मी म्हणाले, “तुझी जागा वाचून राह्यली म्हून सांगतीस.”

तिचा चेहरा पडला. भांडली नाही. वही माझ्याकडं फिरवली आणि म्हणाली, “तूच बघ मंग.”

मी बघितलंच नाही. आबांनी बघितलं. चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून तिन्ही नोंदी बघितल्या. मला विचारलं, “असंच झाल्तं का?”

नाही म्हणायला काय लागत होतं. मॅडम सामन्याला नव्हत्या. त्या पोरीची वही, तिचाच फायदा, कुणीही माझ्या बाजूनं बोललं असतं. मी खाली बघत म्हणाले, “झाल्तं.”

“बराबर हाय,” आबा म्हणाले. त्यांनी निळ्या पेन्सिलीनं त्या तीन उभ्या खुणांवर तीन आडव्या रेघा मारल्या. कचकन नाही, हळूच. मग चिठ्ठीवर सही-शिक्का घेतला, त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “चांगली वही ठेवतीस.”

परतीच्या बसमध्ये अंबडपर्यंत मी कसाबसा दम धरला. मग फुटलेच. “तीन रेघा मारायची काय गरज होती? सहा चिठ्ठ्या होत्या की तुमच्याकडं. चार दिवस खाडा केला, सगळा मुलूख पालथा घातला, आन् शेवटी एकानं हरवलंत मला.”

आबा बाहेर बघत होते. म्हणाले, “ते तीन खोटे ठेवले असते तर ह्या अकराला खरं कोण म्हणलं असतं?”

मला उत्तर पटलं नाही. खरं सांगते, तेव्हा बिलकुल पटलं नाही. अठरा वर्षांच्या पोरीला कसं पटावं. मी डब्यातली भाकरी खाल्ली नाही, एवढाच माझा निषेध. आबांनी त्यांची खाल्ली आणि माझी पिशवीत ठेवली.

शनिवारी त्यांनी सात चिठ्ठ्या आणि पान जालन्याला नेऊन दिलं. गृहस्थांनी सगळं बघितलं. अकरा वाढले, तीन कमी झाले. “अहो काका, मग यादीत फरक पडतच नाही. हे समजल्यावर आलात कशाला परत? नुसता बसचा खर्च.”

“सत्तर खोटं व्हतं,” आबा म्हणाले. “अठ्ठ्याहत्तर लिहा.”

त्यांनी लिहिलं. राखीवच्या यादीत माझ्या नावापुढं सत्तर खोडून अठ्ठ्याहत्तर. माझ्या त्या हंगामाचा एवढाच कागद जगात आहे आणि त्यावरचा आकडा खरा आहे. त्या आकड्यावर दुसरा कुणी बाप बोट ठेवू शकत नाही. आज मी दुसऱ्यांच्या लेकींचे आकडे लिहून भाकर खाते, तेव्हा त्याची किंमत मला रोज कळते. ती भाकरही त्याच आकड्यातून आली, कारण त्या गृहस्थांनी जाता जाता आबांना विचारलं, “विभागाचे सामने इथंच आहेत. पिचरचं पान धरायला याल का?” आबा म्हणाले, येतो, पण मापाला दोन माणसं लागतात, माझी पोरगी बी आणतो. तिथं मी स्कोअर लिहायला शिकले, तिथंच माणसं ओळखीची झाली आणि पुढं सरांच्या चिठ्ठीवर मला कॉलेजात प्रवेश मिळाला. चेंडूनं मला जे दिलं नाही ते पेन्सिलीनं दिलं. पण हे नंतरचं. त्या दिवशी मला यायचंच नव्हतं.

सामन्याच्या दिवशी मी आबांच्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तोंड पाडून बसले होते. मैदानावर ती वडीगोद्रीची पोरगी, अंगात जिल्ह्याची जर्सी, जी माझी होती असं मला वाटत होतं. तिनं पहिल्या बॅटवालीला तीन चेंडू टाकले. तिन्ही बॅटवालीचे हुकले. बाद.

मी आबांच्या तोंडाकडं बघितलं. तोंड बंदच. त्यांनी पेन्सिल टेकवली आणि नव्या पानावर, ओळीच्या सुरुवातीला, लिहिलं: १.

तीस वर्षं ज्या माणसानं पहिल्याला एक म्हटलं नव्हतं त्याच्या हातचा तो एक इतका वाकडा आला होता की मला आधी कळेना काय लिहिलंय.

“आबा, हे काय? लाभ कामून न्हाई लिहिला?”

“बाहेरगावचे लोक मोजणार,” ते हळूच म्हणाले. पुढच्या चेंडूवरची नजर काढली नाही. “ह्या पोरीचा एक जायला नको.”

मी घरी ओरडले होते त्याचं उत्तर त्यांनी मला कधीच दिलं नव्हतं. हे होतं ते उत्तर. चूक सरांची, शिव्या माझ्या, आणि आपल्या बापाचा शब्द आबांनी गिळला, तोही दुसऱ्याच्या लेकीसाठी, माझ्या जागेवर खेळणाऱ्या. आबांना मी जन्मात कधी थँक्यू म्हटलं नाही. आमच्यात म्हणत नाहीत, आणि म्हटलं असतं तर ते चक्रावले असते. माफीही अजून मागायची राहिली होती. मग मी उठून उभी राहिले आणि आडतीवर ओरडतात तसं, पोटातून, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडले, “लाभ.”

पंचांनी वळून बघितलं. ती पोरगी चेंडू हातात धरून थांबली, आमच्याकडं बघितलं आणि ग्लोव्ह घातलेला हात वर केला. आबांनी माझी ओढणी धरून मला खाली बसवलं. मग निळी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “तू लिही आता. मी बोलतो.”